सळई

बेलार्मिनु क्वारेश्माचं पहिलं बाड
गावच्या पोस्टात मीच तोललं:
एक किलो तीनशे चाळीस.
लिस्बनहून परत आलं तेव्हाही तेवढंच.
कुणी उघडलंही नसावं.
सुतळीची गाठ माझीच होती.

तो बुचाच्या झाडांवर कामाला.
नऊ वर्षांतून एकदा कुऱ्हाडीनं साल सोडवायची,
मग उघड्या, लालभडक खोडावर
पांढऱ्या रंगानं साल लिहायचं, शेवटचा आकडा फक्त,
आणि पुन्हा नऊ वर्षं हात लावायचा नाही.
कादंबरीही त्यानं तशीच ठेवून दिली,
अंगावर साल धरेपर्यंत.

गिनीच्या लढाईत तो सगळ्यांच्या पुढे चालायचा.
हातात टोकदार सळई,
समोर तांबड्या मातीचा रस्ता.
टोच. वीतभर पुढे. टोच.
मागे अख्खी पलटण
आणि गोगलगाय झालेले ट्रक.
माती हाताला काय सांगते ते ऐकायचं:
दगड. मूळ. दगड.
आणि क्वचित कधी भुसभुशीत,
नुकतीच कुणी थोपटून निजवल्यासारखी.

लिहितानाही तेच.
शब्द ठेवला की भार टाकायच्या आधी टोचून बघायचा.
दिवसाला चार ओळी.
त्याची बायको इदालिना म्हणायची,
'या चालीनं तू अजून जहाजातूनच उतरलेला नाहीस.'

खरं तर लिहायला तो तिकडेच लागला.
पलटणीत कितीतरी जणांना अक्षर येत नव्हतं,
त्यांची पत्रं हाच लिहायचा.
आमच्या गावचे सात जण.
सात आयांना एकाच आठवड्यात सात पत्रं:
आई, मी खुशाल आहे. इथे एक कोंबडा पाळलाय,
येडा आहे, रात्री दोनला आरवतो, आम्ही हसून मरतो.
तेव्हा पोस्टात माझी आई.
तिनं तोच कोंबडा सात वेळा वाचून दाखवला,
एकदाही आवाज हलू न देता.
पुढे धुण्याच्या दगडावर बायकांनी पत्रं ताडून पाहिली.
रागावलं कुणीच नाही.
सातांत एक कोंबडा,
म्हणजे पोरं एकत्र आहेत.

मग झेफेरिनुची तार आली.
'अपघात.' बाकी काही नाही.

पुस्तक निघालं शेवटी एव्होराच्या एका छापखान्यातून,
तीनशे प्रती, शाई बोटाला लागणारी.
झेफेरिनुची आई उंबेलिना ते ओच्यातून घेऊन आली,
माझ्यासमोर उलटं धरलं, म्हणाली, वाच.

पान एकशे बारा.
दोन टोचण्यांच्या मधली एक जागा
सळईकडून सुटली.
ऊन फार होतं, हात थकला होता,
याहून मोठं कारण त्यानं दिलेलं नाही.
पुस्तकात नावं बदललेली होती.
हात बदललेला नव्हता.

मी थांबले.
'पुढे वाच,' ती म्हणाली.
प्रकरण संपेस्तोवर बसून राहिली,
बाहेर रांगेतली माणसंही गप्प.
मग उठताना:
'सगळं घातलंय पोरानं. पण कोंबडा कुठाय?'

तो तिकिटं घ्यायला आला तेव्हा मी सांगितलं.
किती तरी वेळ तो काउंटरचं लाकूड
नखानं टोचत राहिला, वीतभर, आणखी वीतभर.
म्हणाला, 'तिथे कोंबडा नव्हताच.'
मी म्हटलं, 'असेल. पण आमच्याकडे होता.'

दुसऱ्या आवृत्तीत, एकशे बाराव्या पानावर,
सळईच्या चार पावलं पुढून
एक कोंबडा रस्ता ओलांडतो
आणि भरदुपारी आरवतो.
लिस्बनच्या एका समीक्षकानं लिहिलं,
ही साम्राज्याच्या अस्ताची प्रतिमा आहे.
बेलार्मिनुनं ते कात्रण चुलीत घातलं.

उंबेलिना अजून येते, दर नोव्हेंबरात,
थंडी पडली की.
पुस्तक आता सरळ धरते.
मला बजावते,
'तो आरवला की थांब.
पुढचं मला माहीत आहे.'